प्रॉक्समॉक्सवर कुबरनेटिसचे वर्कर नोड आपोआप उभे करायचे कसे, आणि काढायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात तीन सर्व्हरचा प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम म्हणजे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर उबंटूच्या व्हीएम, क्यूबएडीएम या टूलने उभा केलेला कुबरनेटिस (कंटेनरमधली अ‍ॅप अनेक मशीनवर वाटून चालवणारी यंत्रणा). नवा वर्कर, म्हणजे अ‍ॅप चालवणारा नोड (क्लस्टरमधलं एक मशीन), लागला की कोणीतरी वेब पॅनेलमध्ये जाऊन क्लोन मारतो, आयपी टाकतो, एसएसएच करून जॉइनची कमांड चिकटवतो. टेराफॉर्म (कोड लिहून व्हीएम बनवायचं टूल) करून बघितलं तर सगळ्या व्हीएमचं होस्टनेम एकच यायला लागलं आणि दुसरा नोड जॉइनच होईना. मग टेराफॉर्मच पुढे रेटायचं की सरळ क्लस्टर एपीआयवर (एका कुबरनेटिसमधून दुसरे क्लस्टर आणि नोड बनवायची पद्धत) जायचं, आणि क्लाउडसारखं ऑटोस्केलिंग (लोडप्रमाणे नोड आपोआप कमी-जास्त होणं) इथे जमतं का.

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. एकच क्लस्टर आहे, आठ-दहा वर्कर आहेत, अधूनमधून एखादा वाढतो किंवा कमी होतो, एवढंच असेल तर नीट बनवलेलं टेम्पलेट, टेराफॉर्म आणि जॉइनची छोटी स्क्रिप्ट, बास झालं. क्लस्टर एपीआय चांगलं आहे पण ते चालवायला आणखी एक कुबरनेटिस सांभाळावा लागतो, आणि असलेला एक सांभाळतानाच टीमची दमछाक होत असेल तर कशाला. दोन-तीन टीमना वेगवेगळे क्लस्टर द्यायचे असतील किंवा दर अपग्रेडला जुने नोड फेकून नवे आणायचे असतील तेव्हा तिकडे वळा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं, लायसन्सचं गणित बदललं, तेव्हापासून बरीच मंडळी प्रॉक्समॉक्सवर आलीयेत आणि व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरवर जे जे तयार मिळायचं ते इथे शोधत बसतात. काही मिळतं, काही स्वतःच जोडावं लागतं, ते धरूनच चला.

आता तुमचं एकाच नावाचं प्रकरण, कारण तेच अडकलंय. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला व्हीएमची सेटिंग करणारा प्रोग्राम) एक छोटी डिस्क लावतं आणि त्यातली युजर-डेटा फाइल स्वतः तयार करतं: युजर, एसएसएच की, आणि महत्त्वाचं म्हणजे होस्टनेम, जे व्हीएमच्या नावावरून येतं. तुम्ही सीआयकस्टम ही प्रॉक्समॉक्सची सेटिंग वापरून स्वतःची युजर फाइल दिलीत की प्रॉक्समॉक्सची फाइल पूर्ण बाजूला पडते, दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणजे होस्टनेम गेलं, पॅनेलमध्ये टाकलेल्या एसएसएच की पण गेल्या. मग टेम्पलेटमध्ये जे नाव होतं तेच सगळ्यांना चिकटतं, आणि दुसऱ्या व्हीएमवर क्यूबएडीएम सांगतं की या नावाचा रेडी नोड क्लस्टरमध्ये आधीच आहे. ते बरोबरच बोलतंय.

उपाय दोन. एक म्हणजे प्रत्येक नोडसाठी वेगळी युजर फाइल टेराफॉर्मने बनवायची आणि तिच्यात होस्टनेम लिहायचं. दुसरा, मला जास्त आवडतो तो, सीआयकस्टममध्ये युजरऐवजी व्हेंडर ही जागा वापरायची. तिथे दिलेली फाइल प्रॉक्समॉक्सच्या युजर-डेटासोबत जोडली जाते, त्यामुळे नाव, की, आयपी हे सगळं प्रॉक्समॉक्सकडेच राहतं आणि तुमच्या फाइलमध्ये फक्त तुमच्या कमांड असतात. एक ध्यानात ठेवा, ही फाइल (प्रॉक्समॉक्स तिला स्निपेट म्हणतं) ज्या स्टोरेजवर आहे ते लोकल असेल तर तिन्ही होस्टवर ती असायला हवी, नाहीतर व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेली की सुरूच होणार नाही आणि ते कळतं कधी, तर रात्री.

टेम्पलेटवर मात्र वेळ घाला, पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते. उबंटूची क्लाउड इमेज घ्यायची, कंटेनरडी (कंटेनर चालवणारा प्रोग्राम), क्यूबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटिसचा एजंट), क्यूबएडीएम आणि क्यूइएमयू गेस्ट एजंट आतच टाकून ठेवायचे, म्हणजे नोड वर येताना इंटरनेटवरून काही ओढायला नको. पॅकर या इमेज बनवायच्या टूलने करा किंवा व्हर्ट-कस्टमाइजने, फरक नाही. कर्नलचे ओव्हरले आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल, आयपी फॉरवर्डिंग, कंटेनरडीच्या कॉन्फिगमध्ये सिस्टमडी सीग्रुप चालू, स्वॅप बंद, हे सगळं आत. पॅकेजची रिपॉझिटरी जुनी असेल तर बदला, गूगलकडची जुनी एपीटी रिपॉझिटरी सप्टेंबर २०२३ मध्येच गोठवली, आता पीकेजीएस डॉट के-एट-एस डॉट आयओ आहे आणि तिथे प्रत्येक मायनर व्हर्जनला वेगळी रिपॉझिटरी असते. क्यूबलेट होल्डवर ठेवा, म्हणजे तो आपोआप अपग्रेड होणार नाही. आणि टेम्पलेटच्या नावातच व्हर्जन लिहा, कारण क्यूबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा जुना चालतो, १.२८ पासून तीन मायनर व्हर्जनपर्यंत, पण नवा चालत नाही. कोणीतरी उत्साहाने टेम्पलेट अपडेट केलं आणि कंट्रोल प्लेन (एपीआय सर्व्हर जिथे चालतो ते क्लस्टरचे मुख्य नोड) मागेच राहिलं, हा प्रकार फार होतो.

टेम्पलेट बंद करायच्या आधी मशीन-आयडीची (लिनक्स मशीनची स्वतःची ओळख) फाइल रिकामी करायची. फाइल ठेवायची, आतला मजकूर काढायचा. हे राहिलं तर सगळे क्लोन एकच मशीन-आयडी घेऊन उठतात, आणि उबंटूवर नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपी सर्व्हरला मॅक अ‍ॅड्रेस नाही तर या आयडीवरून काढलेली ओळख देतं. मॅक वेगळे, व्हीएम वेगळ्या, तरी दोघींना एकच आयपी. मग लोक स्विच तपासतात, व्हीलॅन तपासतात, केबल काढून लावतात. स्टॅटिक आयपी दिलात तर हे दिसत नाही, पण लॉग गोळा करणारी काही टूल्स मशीन-आयडीवरच नोड ओळखतात, तेव्हा तरीही साफ करा.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये तीन ठिकाणी हात लावा. बलूनिंग (होस्टने चालू व्हीएमची मेमरी कमी-जास्त करणं) बंद, म्हणजे बलून शून्य. क्यूबलेट सुरू होताना जेवढी मेमरी दिसते तेवढी तो शेड्युलरला सांगतो आणि पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) त्या हिशोबाने बसतात. होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या वर गेली की प्रॉक्समॉक्स किमान मेमरी कमी ठेवलेल्या व्हीएमकडून परत काढायला लागतं, आणि कुबरनेटिसला याचा पत्ताच नसतो, मग पॉड मेमरी संपून पटापट मारले जातात (ओओएम किल). दुसरं सीपीयू टाइप. प्रॉक्समॉक्स ८ च्या आधी केव्हीएम६४ डिफॉल्ट होता आणि जुन्या टेम्पलेटमधून तो तसाच चालत आलेला असतो, त्यावर नव्या डिस्ट्रोच्या काही कंटेनर इमेज उठतच नाहीत कारण त्यांना एक्स८६-६४-व्ही२ लागतं. तिन्ही सर्व्हर सारखेच असतील तर होस्ट टाइप द्या, वेगवेगळे असतील तर व्ही२-एईएस किंवा जेवढं सगळ्यांना झेपतं तेवढं. तिसरं म्हणजे सीआयअपग्रेड, हे डिफॉल्ट चालू असतं, म्हणजे पहिल्या बूटला व्हीएम सगळी पॅकेज अपग्रेड करत बसते. सोमवारी बनलेला नोड आणि शुक्रवारी बनलेला नोड वेगळा, वर वेळही जातो. बंद करा, अपग्रेड टेम्पलेटमध्ये होऊ द्या.

टेराफॉर्मचे प्रोव्हायडर (त्याला प्रॉक्समॉक्सशी जोडणारे प्लगइन) दोन चालतात, टेलमेटचा जुना आणि बीपीजीचा त्यानंतरचा. मी बीपीजी घ्यायला सांगेन, जास्त गोष्टी करतो आणि सांभाळलाही नीट जातो. स्निपेट एपीआयने अपलोड होत नाहीत म्हणून तो त्यासाठी एसएसएच वापरतो, तेव्हा त्याला एसएसएचचा ॲक्सेस द्यावा लागेल, ते ऑफिसात आधी विचारून घ्या, सिक्युरिटीवाले नंतर बोंब मारतात. एपीआय टोकन बनवताना प्रिव्हिलेज सेपरेशन डिफॉल्ट चालू असतं, म्हणजे युजरला हक्क असले तरी टोकनला वेगळे द्यावे लागतात. ४०३ (परवानगी नाही) येतोय आणि युजर तर अ‍ॅडमिन आहे, असं डोकं खाजवत बसलात तर हेच बघा. रूटचं टोकन देऊ नका. वेगळा रोल करा, त्यात व्हीएम अलोकेट, क्लोन, कॉन्फिगचे हक्क, पॉवर, डेटास्टोअरवर जागा घ्यायचा हक्क आणि ८ पासून एसडीएन यूज. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये व्हीएम मॉनिटर हा हक्क काढून टाकलाय, त्यामुळे जुन्या लेखातला रोल जसाच्या तसा चिकटवलात तर तो बनणारच नाही.

टेराफॉर्म एका वेळी दहा कामं सुरू करतं. एकाच टेम्पलेटवरून दहा फुल क्लोन एकदम मागितले की टेम्पलेटच्या कॉन्फिग फाइलचं लॉक मिळत नाही आणि टाइमआउट येतो, कधी दोन व्हीएमना एकच व्हीएमआयडी घ्यायची धडपड होते. पॅरललिझम एक-दोनवर आणा आणि व्हीएमआयडी स्वतः ठरवून द्या. मी आयपीचा शेवटचा आकडा व्हीएमआयडीत ठेवतो, रात्री अलर्ट आला की कुठली व्हीएम ते शोधावं लागत नाही. आणि काउंट वापरू नका, फॉर-ईच वापरा. काउंटमध्ये यादीतला मधला वर्कर काढलात की पुढचे सगळे एक-एक घर सरकतात आणि टेराफॉर्म चांगल्या चालणाऱ्या व्हीएम पाडून परत बांधायला बघतं. प्लॅन न वाचता येस म्हणणारे लोक असतात, तुमच्या टीममध्ये पण असेल एखादा.

जॉइनचं टोकन ही खरी नाजूक जागा आहे. क्यूबएडीएमचं टोकन डिफॉल्ट २४ तासात संपतं, म्हणून बरेच जण कधीच न संपणारं टोकन बनवून क्लाउड-इनिटमध्ये लिहून मोकळे होतात. ती फाइल होस्टवर साध्या मजकुरात पडून असते, आणि क्लाउड-इनिटची डिस्क व्हीएमला लागलेलीच राहते. ते टोकन हाती लागलं की कोणीही स्वतःचा नोड तुमच्या क्लस्टरमध्ये घुसवू शकतो. टोकन म्हणजे क्यूब-सिस्टममधला एक ठराविक प्रकारचा सीक्रेट असतो, सहा अक्षरं, एक टिंब, सोळा अक्षरं, आणि त्यात संपायची वेळ लिहिता येते. म्हणजे टेराफॉर्म ज्या रनमध्ये व्हीएम बनवतो त्याच रनमध्ये अर्ध्या तासाचं टोकन बनवून द्यायचं. टेराफॉर्मच्या स्टेट फाइलमध्ये (त्याने बनवलेल्या गोष्टींची नोंद) ते राहील, पण तोवर मेलेलं असेल. सीए सर्टिफिकेटचा हॅश मात्र जरूर द्या, हॅश न तपासता जॉइन करायचा पर्याय असतो तो वापरू नका. हे नको असेल तर व्हीएम वर आल्यावर अ‍ॅन्सिबलने कंट्रोल प्लेनवरून ताजं टोकन काढून जॉइन करायचं, थोडं हळू आहे पण समजायला सोपं.

आणि एक बारीक गोष्ट, जी बरेच जण प्रॉडक्शनमध्येच शिकतात. क्लाउड-इनिटचं रनसीएमडी (बूटला चालवायच्या कमांडची यादी) एका इन्स्टन्ससाठी एकदाच चालतं, बरोबर, पण इन्स्टन्स-आयडी प्रॉक्समॉक्स युजर-डेटा आणि नेटवर्कच्या मजकुरावरून काढतं. सहा महिन्यांनी तुम्ही डीएनएस बदललात किंवा एक एसएसएच की वाढवलीत, की आयडी बदलला, आणि पुढच्या रीबूटला व्हीएमला वाटतं आपण नवीनच जन्मलो. एसएसएचच्या होस्ट की परत बनतात, रनसीएमडी परत चालतं, जॉइन परत मारलं जातं. म्हणून जॉइनच्या आधी क्यूबलेटची कॉन्फिग फाइल आहे का ते बघायचं, असेल तर गप बाहेर पडायचं. एका ओळीची अट आहे, घालाच.

आता काढण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तो विषयच नाही आणि ऑटोमेशन फसतं ते तिथेच. टेराफॉर्मला व्हीएम पाडता येते, पण कुबरनेटिसमधला नोड त्याला माहीतच नाही. व्हीएम गेली तरी नोड नॉट-रेडी होऊन तसाच लटकतो, पाच मिनिटांनी डिप्लॉयमेंटचे पॉड दुसरीकडे उठतात, पण स्टेटफुलसेटचे (डेटाबेससारख्या, ठराविक ओळख लागणाऱ्या अ‍ॅपचे) पॉड टर्मिनेटिंगमध्ये अडकून बसतात कारण जुना खरंच मेला की फक्त नेटवर्क गेलं हे एपीआय सर्व्हरला कळायला मार्ग नाही. तेव्हा क्रम ठरलेला ठेवा, ड्रेन (नोडवरचे पॉड दुसरीकडे हलवणं), मग नोड डिलीट, मग व्हीएम. यासाठी मी टेराफॉर्मच्या आत काही कोंबत नाही, बाहेर स्क्रिप्ट ठेवतो, ती ड्रेन करते आणि जमलं तरच पुढे जाते. ड्रेन हमखास अडकतं ते एकच रेप्लिका असलेल्या अ‍ॅपवर कोणीतरी किमान एक चालू हवा असं पॉड डिसरप्शन बजेट लावून ठेवलेलं असतं तिथे. त्या माणसाला शोधा, फोर्स करू नका.

नोड डिलीट न करता त्याच नावाने नवी व्हीएम आणलीत तर आणखी गंमत होते. जुना ऑब्जेक्ट तसाच असतो, त्यावर ड्रेनच्या वेळचं कॉर्डन (नवे पॉड घेऊ नको ही खूण) तसंच असतं, नवी व्हीएम व्यवस्थित जॉइन होते, रेडी दिसते आणि एकही पॉड तिच्यावर येत नाही. सगळे लॉग स्वच्छ. शेवटी कोणाला तरी शेड्युलिंग-डिसेबल्ड हा शब्द दिसतो. म्हणून वर्करची नावं परत वापरूच नका, शेवटी दोन-चार रँडम अक्षरं लावा.

कंट्रोल प्लेन या सगळ्यातून बाहेर ठेवा, निदान सुरुवातीला. तीन आहेत, क्वचित बदलतात, आणि इटीसीडीचा (क्लस्टरची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस) एक मेंबर नीट न काढता व्हीएम पाडली आणि त्यात दुसरा पडला तर कोरम (निम्म्याहून जास्त मेंबर चालू असणं) गेला, मग स्नॅपशॉटवरून उभं करत बसा. तिन्ही वेगवेगळ्या होस्टवर आहेत ना ते बघा. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये एचएला (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) अ‍ॅफिनिटीचे नियम आलेत, या दोन व्हीएम एका होस्टवर नकोत असं सांगता येतं. त्याआधीच्या व्हर्जनवर टेराफॉर्ममध्ये होस्ट स्वतः लिहायचा. इटीसीडीला डिस्कवर एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरवणं) पटकन हवा असतो, ९९ पर्सेंटाइल १० मिलिसेकंदच्या आत, आणि पॉवर-लॉस प्रोटेक्शन नसलेल्या साध्या एसएसडीवर बाकीच्या व्हीएमचा लोड आला की हे गणित कोलमडतं. एफआयओ या डिस्क मोजायच्या टूलने आधी मोजून बघा.

क्लस्टर एपीआयकडे गेलात तर प्रॉक्समॉक्ससाठी आयओनॉसने सुरू केलेला प्रोव्हायडर आहे, कॅपमॉक्स म्हणतात. त्यात टेम्पलेट, क्लोन, जॉइन, ड्रेन, डिलीट हे सगळं कंट्रोलर करतो, वरचं माझं निम्मं पुराण तिथे लागत नाही. आयपी द्यायला आयपॅमचा (आयपी वाटपाचा हिशोब ठेवणारी सोय) पूल करावा लागतो, एपीआय सर्व्हरच्या व्हर्च्युअल आयपीला सहसा क्यूब-व्हीआयपी. अपग्रेडला नवा नोड आधी येतो, मग जुना जातो, म्हणून एका जादा व्हीएमपुरती मेमरी नेहमी मोकळी हवी. मशीन हेल्थ चेक लावलात तर त्या वर्करवर प्रॉक्समॉक्सचं एचए लावू नका. होस्ट गेला की एचए तीच व्हीएम दुसरीकडे उठवायला बघणार आणि हेल्थ चेक तिला मेली समजून नवी मागवणार, एका म्यानात दोन तलवारी. वर्करला एचए तसंही कशाला, तो फेकायचाच आहे.

ऑटोस्केलिंग जमतं. क्लस्टर ऑटोस्केलर क्लस्टर एपीआयशी बोलतो, मशीन डिप्लॉयमेंटवर किमान-कमाल आकडे अ‍ॅनोटेशनमध्ये लिहायचे, पॉड पेंडिंग झाले की व्हीएम वाढते, नोड साधारण दहा मिनिटं निम्म्याहून कमी वापरात राहिला की कमी होते. पण क्लाउडमध्ये कमी केलेल्या नोडचं बिल थांबतं, इथे सर्व्हर तुमचे, वीज तुमची, व्हीएम बंद करून वाचतं काय? रात्री बिल्ड चालवायला दिवसाची मेमरी वापरायची असेल तर उपयोग आहे, नाहीतर वर्कर कायम चालू ठेवा. कमाल आकडा ठरवताना तीनपैकी एक होस्ट गेला तर बाकी दोघांवर सगळं मावेल का हे बघा, म्हणजे प्रत्येक होस्टची मेमरी दोन तृतीयांशच्या वर भरू द्यायची नाही. ऑटोस्केलरला होस्ट दिसतच नाही, तो भरत सुटतो.

कोणीतरी टॅलोस (फक्त कुबरनेटिससाठी बनवलेलं लिनक्स) सुचवेलच. चांगलं आहे, एसएसएच नाही, पॅकेज नाही, सगळं एपीआयने, मशीन-आयडी वगैरे भानगडी नाहीत, प्रॉक्समॉक्सवर नीट चालतं. नवा क्लस्टर बांधत असता तर मी तेच म्हणालो असतो. चालू असलेला क्यूबएडीएमचा क्लस्टर त्यासाठी मोडू नका.

स्टोरेज कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. लोकल एलव्हीएम-थिन (त्या-त्या होस्टच्या स्वतःच्या डिस्कवरचं) असेल तर टेम्पलेट प्रत्येक होस्टवर वेगळं ठेवावं लागेल, कारण लोकल डिस्कवरचं टेम्पलेट दुसऱ्या होस्टवर थेट क्लोन होत नाही, आणि पॅकरचा जॉब तीनदा चालवायचा, व्हीएमआयडी तीन वेगळे. सेफ (Ceph, सगळ्या होस्टना नेटवर्कवरून मिळणारं सामायिक स्टोरेज) असेल तर एक टेम्पलेट पुरतं आणि लिंक्ड क्लोन (टेम्पलेटच्याच डिस्कवर उभा राहणारा) काही सेकंदात होतो, फक्त ज्या टेम्पलेटचे लिंक्ड क्लोन जिवंत आहेत ते काढता येत नाही, म्हणून जुनी टेम्पलेट त्यांचे सगळे वर्कर बदलून होईपर्यंत राहू द्या. सेफवर इटीसीडीचा एफसिंक नेटवर्कवरून जातो, तेव्हा कंट्रोल प्लेनच्या डिस्क शक्यतो लोकलच ठेवा.